जेलसमोरचं दुकान, आणि 'जेल गावाबाहेर हलवा'

झेरॉक्सवाला

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकाने टाकलं: 'शहराच्या मधोमध जेल कशाला? गावाबाहेर हलवा, प्लॉटला भाव येईल.' खाली पटापट अंगठे पडले. मी अंगठा दिला नाही, तर लगेच विचारणा, 'भाऊ, तुमचा काय इंटरेस्ट?' ग्रुपवर लांब लिहिलं की कोणी वाचत नाही. म्हणून इथे.

इंटरेस्ट आहेच. माझं दुकान जेलच्या दारासमोर आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिघांपैकी कुठलंही गाव धरा. नाव लिहीत नाही, उद्या सकाळी तिथल्याच लोकांना चहा पाजायचा आहे. बाबांची चहाची टपरी होती. मी शेजारी झेरॉक्सचं मशीन टाकलं, आता ऑनलाइन फॉर्म, फोटो, लॅमिनेशन सगळं करतो. टपरीही अर्धी चालू आहे, ती आई बघते.

जेलमुळे आमच्या गल्लीला काय मिळतं, हे कॉलनीवाल्यांना दिसत नाही, कारण ते गाडीने जातात आणि काच वर असते. सकाळी पहिल्या एसटीने माणसं उतरतात. शिरपूर, शहादा, चोपडा, यावल, वरून पार सातपुड्यातून. मुलाखतीसाठी, म्हणजे आतल्या माणसाला भेटायला. आत फोन नेता येत नाही, मग फोन ठेवायचा कुठे? माझ्याकडे. पोस्टातल्यासारखं चोवीस कप्प्यांचं लाकडी खोकं बनवून घेतलंय, कप्प्याला नंबर, नंबराचा पत्र्याचा बिल्ला. फोनचे पाच रुपये. आधारची झेरॉक्स दोन रुपये. ज्याच्याकडे नसतात त्याचं तसंच.

घरचा डबा आत घेत नाहीत. हे नवीन माणसाला माहीत नसतं. माय पहाटे उठून भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत बांधून आणते, दारावर तो डबा परत येतो, आणि मग ती माझ्या पायरीवर बसते. महिन्यातून दोनदा तरी असा डबा माझ्यापुढे येतो. 'तू खाई ले भाऊ, मी आते परत कथा (कुठे) लई जाऊ?' पहिल्यांदा घास उतरला नव्हता. आता खातो, कारण नाही म्हटलं की तिला जास्त लागतं.

संध्याकाळ वेगळी. जामीन झालेला माणूस बाहेर येतो तो बहुतेक दिवेलागणीला. कोर्टात दिवसभर कागद फिरतात, सुटकेचा आदेश जेलवर पोचतो उशिरा, मग आतली नोंद, झडती, सह्या. छोटा दरवाजा उघडतो आणि माणूस हातात कॅरीबॅग घेऊन उभा. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा सव्वासातला बाहेर आला. बावीस-तेवीसचा असेल. घरच्यांना वाटलं उद्या सुटेल, म्हणून ते जामिनाचे कागद देऊन दुपारच्या गाडीने परत गेलेले. फोन करायचा तर नंबर पाठ नाही. पूर्वी सगळ्यांना नंबर पाठ असायचे, आता आपल्या बायकोचा नंबर तरी कोणाला येतो? शेवटची गाडी गेली होती. मी शटर अर्धं ओढलं आणि त्याला आत झोपू दिलं. घरी आई दोन दिवस बोलली नाही. 'खुनाचा असता तर?' मी विचारलंच नव्हतं कशाचा आहे ते. सकाळी उठलो तर दुकान झाडून ठेवलेलं.

तर माझं म्हणणं एवढंच, की जेल गावात आहे ते बरं आहे. खोट आहे ती दाराबाहेरच्या दहा फुटांत. बाकडं नाही, सावली नाही, प्यायला पाणी नाही, बायांना मुतारी नाही, आणि काय चालतं काय चालत नाही हे सांगणारी वाचता येईल अशी पाटी नाही. हे आपण गाववाल्यांनी करायचं की सरकारने? मंडळींचा अनुभव काय?

---

केळीबाग

पहिला मी. भाऊ, लेख मस्त. पण आईची भीती खरी आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. रात्री कोणालाही दुकानात घेणं मला जमलं नसतं.

---

खाकी निवृत्त

कारागृह खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली नऊ खान्देशात. कोणत्या जेलला ते मीही सांगत नाही, पेन्शन चालू आहे. :)

लोकांचा एक गैरसमज आधी काढतो. जिल्हा कारागृहात बहुतेक सगळे कच्चे कैदी असतात, आमच्या भाषेत न्यायाधीन बंदी. म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. मोठी शिक्षा लागली की माणूस नाशिकरोडला किंवा दुसऱ्या मध्यवर्ती कारागृहात रवाना. म्हणजे तुमच्या गावच्या जेलात जो बसलाय तो बहुतेक तुमच्याच जिल्ह्यातला, आणि कायद्याने अजून गुन्हेगार नाही.

आता गावाबाहेर हलवण्याचं. ग्रुपवाल्यांना सांगा, जेल एकटं नसतं. कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल आणि जेल हा त्रिकोण असतो. रोज तारखांना माणसं न्यायची म्हणजे पोलीस मुख्यालयाकडून कैदी पार्टी, म्हणजे सोबत जाणारे पोलीस, मागवायची. पार्टी मिळाली नाही की तारीख गेली. हे शहरात असताना होतं. वीस किलोमीटर लांब नेलं तर एका गाडीत किती फेऱ्या होणार? रात्री दोनला कोणाच्या छातीत दुखलं तर? माझ्या ड्युटीत एकाला आम्ही दहा मिनिटांत सिव्हिलला नेलं म्हणून वाचला. दहा मिनिटं जमली, कारण हॉस्पिटल दोन चौक पलीकडे होतं.

आणि आमचंही धरा. क्वार्टरमधली पोरं गावातल्या शाळेत जातात, भाजी-किराणा गावातून येतो, न्हावी गावातला. शिपायाची बायको एकटी, नवरा रात्रपाळीला भिंतीवर. गावाबाहेर माळावर क्वार्टर म्हणजे तिलाच जन्मठेप.

डब्याचं म्हणाल तर शिपायाला दोष देऊ नका. भाकरीच्या चवडीत काय काय निघतं ते आम्ही पाहिलंय. एकदा तर शेंगदाण्याच्या चटणीत... जाऊ द्या.

---

पुणेकर सध्या

ई-मुलाखत आहे ना आता? घरबसल्या नोंदणी करून व्हिडिओवर बोलता येतं. मग पहाटेची एसटी वगैरे कशासाठी? जेल कुठे आहे याने फरकच पडायला नको.

---

सातपुड्यातला मास्तर

पुणेकर, या एकदा. धडगाव तालुक्यात माझी शाळा आहे. आमच्याकडे रेंज टेकडीवर एका ठराविक झाडाखाली येते. त्या झाडाखाली उभं राहून गावातले लोक रेशनचा ओटीपी घेतात, पोरं निकाल बघतात. तिथे उभं राहून जेलमधल्या पोराशी व्हिडिओवर बोलायचं, मागे सगळं गाव उभं!

दुसरं असं, की स्मार्टफोन घरात एकच, आणि तो गुजरातला. आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धी घरं ऊसतोडीला नाहीतर बांधकामाला गुजरातेत जातात. घरातला कमावता आत, बाकीचे सुरतेकडे, म्हाताऱ्या आईबापांपैकी एक जण मागे. मुलाखतीला कोण येणार? माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना सहा महिन्यांत एकदाच कोणी भेटायला गेलं. तो विद्यार्थीच गेला, माझ्याबरोबर. रात्री तीनला निघालो, जीप, मग एसटी. भेट काही मिनिटांची. पोरगं पावरी बोलतं, तिथल्या माणसाला पावरी येत नाही, त्याने दोनदा नाव विचारलं, हे पोरगं गप्प. वडिलांचं रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. शेवटी समोरच्या एका दुकानदाराने अर्ज लिहून दिला. झेरॉक्सवाले, तुम्ही तर नव्हे?

---

झेरॉक्सवाला

सर, पोराच्या हातात पिवळी छत्री होती का? दांडा तुटलेली?

---

सातपुड्यातला मास्तर

हो! छत्री शाळेची आहे. अजून तशीच आहे.

---

लेवा पाटलीण

वाचून डोळ्यात पाणी वगैरे ठीक आहे, पण मी वेगळं बोलणार आहे. राग आला तर येऊ द्या.

चार वर्षांपूर्वी माझ्या काकांच्या घरात चोर शिरले. काकू एकटीच होती. तिचा हात मोडला, कानातलं ओढून नेलं, कानाची पाळी फाटली. दोघं सापडले, आत गेले. तीन महिन्यांनी त्यातला एक बाजारात काकूसमोर उभा. जामीन झाला हे आम्हाला कोणीही कळवलं नव्हतं. काकू तेव्हापासून बाजारात जात नाही. तुम्ही सुटलेल्याला दुकानात झोपवलं, त्याचं कौतुक चाललंय. काकूसाठी बाकडं कोण टाकणार? जेल समाजाची काय सेवा करतं म्हणाल तर माझ्या मते एकच, माणूस आत ठेवणं. तेवढं नीट केलं तरी पुरे.

---

झेरॉक्सवाला

ताई, राग नाही. उत्तरही नाही. काकूंना नमस्कार सांगा.

त्या रात्रीच्या पोराबद्दल मी नंतर चौकशी केली होती, ते वर लिहिलं नाही. जमिनीच्या बांधावरून भावकीतली मारामारी. पण हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं आणि ते दुसरंच काही निघालं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

---

वकीलबाई निंबोणी

पंधरा वर्षं फौजदारी बाजू करते, फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही होते. दोन्ही बाजूंचं बोलते.

पाटलीणताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) पोलिसांनी तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची अशी तरतूद आहे. पण जामीन झाल्याचं प्रत्येकाला घरी येऊन सांगणारं कोणी नाही. काकूंनी सरकारी वकिलांना भेटून ठेवायला हवं होतं, आणि जामिनाच्या अटींत 'फिर्यादीच्या परिसरात फिरकू नये' ही अट घालून घेता आली असती. अट मोडली तर जामीन रद्द करायचा अर्ज करता येतो. आजही विचारा. साक्षीपुरावा झालेला नसेल तर हे अजून जिवंत आहे.

आता दुसरी बाजू. देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी आहेत. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत हे प्रमाण ७५.८ टक्के होतं. त्यातले कित्येक जामीन मंजूर होऊनही आत असतात, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदार म्हणजे सातबारा, ऐपतीचा दाखला, ओळखपत्र, आणि कोर्टात येऊन उभं राहायची तयारी. पावरा-भिल्ल कुटुंबात जमीन बऱ्याचदा वनहक्काची, तीही आजोबांच्या नावावर. सावकाराचा बोजा असेल तर वेगळंच. मग कोर्टाच्या आवारात 'साहेब, जामीनदार पाहिजे का' म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, खोट्या कागदाचा गुन्हा तुमच्या अंगावर येतो.

झेरॉक्सवाले, तुमच्या दुकानात हे चिकटवून ठेवा:

कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. विधी सेवेचा १९८७ चा कायदा आहे. १५१०० वर फोन करायचा.

जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार आणता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडायचं असतं.

पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं, बाकीच्यांना निम्म्या काळानंतर. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर लागू नाही. हा अर्ज जेल अधीक्षकांनी स्वतःहून कोर्टाकडे करायचा असतो, म्हणून घरच्यांनी तिथे विचारत राहायचं.

जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. योजना आली तेव्हा जामिनाची रक्कम भरायला ४०,००० पर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत मदत होती. मी स्वतः अजून एकाच माणसाला ती मिळालेली पाहिली आहे.

आणि हो, डबा. मूळ १८९४ च्या तुरुंग कायद्यातच लिहिलेलं होतं की कच्चा कैदी बाहेरून स्वतःचं अन्न, कपडे, अंथरूण घेऊ शकतो, तपासणी करून. खाकी काका म्हणतात ती चटणीची भीतीही खरी. मधला मार्ग म्हणून हल्ली घरचे पैसे खात्यावर भरतात आणि आतल्या कँटीनमधून घेतात.

---

खाकी निवृत्त

बाई, कलम ४७९ ची यादी आम्ही दर महिन्याला काढायचो. आधी ते जुन्या कायद्यात ४३६-अ होतं. यादी निघते, पण पहिल्यांदाच गुन्ह्यात आलाय की नाही हे ठरवायला पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, आणि तो येतो बैलगाडीने. बाकी सगळं खरं लिहिलंत.

---

केळीबाग

वकीलबाई, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतोय. वाचनखूण साठवली.

---

पांझराकाठ

धुळेकर असल्याने राहवत नाही. जेल गावात असणं ही लाज वाटणाऱ्यांनी हे वाचा. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या जेलमध्ये होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, असे अठरा रविवार ते गीतेच्या अठरा अध्यायांवर बोलले. समोर कैदी बसलेले, आणि त्यांच्यात साने गुरुजी, भरभर लिहून घेताहेत. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून सत्याग्रहात उतरलेले. 'गीता प्रवचने' हे पुस्तक म्हणजे आमच्या जेलचं उत्पादन आहे. सतरंज्या नंतर. भारतभरच्या भाषांत गेलं ते. गुरुजी नसते तर ते शब्द त्या भिंतीतच जिरले असते.

---

पुणेकर सध्या

ते राजकीय कैदी होते हो. बांध कोरणाऱ्याची आणि कानातलं ओढणाऱ्याची त्यांच्याशी तुलना?

---

पांझराकाठ

तुलना केलीच नाही. पण गुरुजी त्या चार महिन्यांत फक्त गीता ऐकत नव्हते, आजूबाजूच्या बराकीही बघत होते. पुढच्या वर्षी नाशिकच्या जेलमध्ये त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकातली करुणा कुठून आली यावर प्रबंध लिहायला मी मोकळा नाही, पण माझं मत मी ठेवून आहे.

---

केळीबाग

अवांतर: इतका वेळ फौजदारी फौजदारी वाचून मला फौजदारी डाळ खावीशी वाटतेय. कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. कोणाला नाव कसं पडलं माहितीये का?

---

लेवा पाटलीण

नाव माहीत नाही, पण कृती माझ्या काकूची गावात नंबर एक. वेगळा धागा काढा, तिथे देते. इथे जेल चालू द्या.

---

बिल्ला क्रमांक अकरा

खूप वर्षं इथे फक्त वाचतो. आज खातं उघडलं.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझे वडील आत होते. चार वर्षं. नंतर निर्दोष सुटले, पण ते सुटेपर्यंत दोन एकर विकून झाली होती. आईने मला सांगितलं होतं की बाबा कामाला बाहेरगावी आहेत. दर महिन्याला आम्ही त्या 'बाहेरगावी' जायचो. मला वाचता येत होतं. दारावर काय लिहिलंय ते मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. आईला सांगितलं नाही, कारण तिने इतकं जपलं होतं.

आत जाळी होती. पलीकडे बरेच जण, अलीकडे बरेच जण, सगळे एकदम ओरडून बोलतात. बाबा मला 'शाळेत जातो का' एवढंच विचारायचे. मी मान हलवायचो, कारण आवाज पोचत नव्हता.

समोर टपरी होती. टपरीवाले काका मला बिस्किटचा पुडा द्यायचे, आणि आईला म्हणायचे, 'वहिनी, उन्हात नको, इथे बसा.' त्या वेळी फोन नव्हते, पण पिशव्या ठेवायला तेव्हाही पत्र्याचे बिल्ले होते. आम्हाला बऱ्याचदा ११ मिळायचा.

जेल गावाबाहेर असतं तर आई दर महिन्याला गेली नसती. दोन गाड्या बदलायचे पैसे नव्हते. बाकी चर्चेतलं मला फार कळत नाही.

---

झेरॉक्सवाला

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिला 'अकरा नंबरवाली वहिनी' आठवते. म्हणाली, हिरवं लुगडं, आणि पोरगं बिस्किट अर्धं खाऊन अर्धं खिशात ठेवायचं. जुने बिल्ले अजून आहेत, खोक्याला तेच लावलेत. अकरा मी आजच काढून ठेवला.

---

सातपुड्यातला मास्तर

...

काही लिहिता येत नाहीये. नंतर येतो.

---

वकीलबाई निंबोणी

जाळी बऱ्याच ठिकाणी जाऊन काच आणि इंटरकॉम आला. आणि महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो, त्यात मुलांना आत नेऊन आईवडिलांना प्रत्यक्ष भेटवतात. तो मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी. कच्च्या कैद्यांच्या पोरांना ते कधी मिळणार, हा प्रश्न मी एका बैठकीत विचारला होता. इतिवृत्तात आला. तिथेच आहे.

कोणी म्हणेल बाहेरच्या माणसाला जेलमध्ये काय करता येतं? नियमांत अशासकीय अभ्यागत नावाची सोय जुनी आहे, म्हणजे सरकारने नेमलेले गावातले नागरिक पाहणीसाठी आत जाऊ शकतात. शिवाय जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जेल अधीक्षक यांची कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते. आपण नगरसेवकाकडे गटारासाठी जातो, तसं या लोकांकडे बाकड्यासाठी अर्ज घेऊन कधी गेलो?

---

लेवा पाटलीण

बाई, तुमच्या सांगण्यावरून काल सरकारी वकिलांना भेटले. काकूची साक्ष अजून व्हायची आहे. अट घालण्याचा अर्ज करतोय.

आणि झेरॉक्सवाले, तुमची चूक काढायची नाही, पण माझंही मत बदललेलं नाही. फक्त त्या दाराबाहेर मुतारी नाही हे वाचून वाईट वाटलं. बायांचं काय ते मला कळतं. त्या बायांनी कोणाचं काय केलंय?

---

खाकी निवृत्त

ताई, एका वाक्यात सांगितलंत. आम्ही अठ्ठावीस वर्षांत आतल्यांची मोजणी रोज दोनदा केली. बाहेर रांगेत किती बाया उभ्या आहेत याची नोंद ठेवायचं रजिस्टरच नव्हतं.

झेरॉक्सवाले, बाकडं भिंतीला लावायला परवानगी मिळणार नाही, सुरक्षेचा प्रश्न येतो. रस्त्याच्या तुमच्या बाजूला लावा, ती महापालिकेची किंवा नगरपालिकेची हद्द. पाण्याचा माठ लावाल तर रोज कोण भरणार ते आधी ठरवा, नाहीतर महिन्यात त्यात गुटख्याच्या पुड्या. पाटीचा मसुदा मात्र अधीक्षकांना दाखवून त्यांची सही घ्या. काय चालतं काय नाही हे बदलत असतं. तुमच्या पाटीवर विसंबून कोणी आलं आणि परत गेलं, तर शिव्या तुम्हाला.

---

पुणेकर सध्या

मी आधी जरा वरून बोललो. पाटीच्या फ्लेक्सचा खर्च माझ्याकडे.

---

केळीबाग

फ्लेक्स नको, उन्हात सहा महिन्यांत उडतो. पत्र्यावर रंगवून घ्या. जळगावला माझ्या ओळखीचा पेंटर आहे, अजून हाताने लिहितो. बाकड्याला माझ्याकडची सागाची फळी देतो, जुन्या घराची, सात फूट भरेल.

---

झेरॉक्सवाला

सगळ्यांचे आभार. कॉलनीच्या ग्रुपवर या धाग्याची लिंक टाकली. दोघांनी ग्रुप सोडला, एकाने विचारलं की बाकड्यावर देणगीदारांची नावं टाकणार का. नाही टाकणार.

काल मसुदा घेऊन साहेबांना भेटलो. त्यांनी वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या. घरचा डबा चालत नाही हे सगळ्यात वर घ्या म्हणाले, मीही तेच म्हणत होतो. सही सोमवारी देतो म्हणाले. मुतारीचं काम माझ्या हातातलं नाही, त्याचा अर्ज नगरसेवकांकडे दिलाय, पोच घेतली आहे. वकीलबाईंचं विधी सेवेचं पान मोठ्या अक्षरात छापून काउंटरच्या काचेखाली लावलंय. तीन दिवसांत चौघांनी नंबर उतरवून घेतला.

मास्तर, पाटी मराठीत, अहिराणीत आणि पावरीत करायचा विचार आहे. अहिराणी आई सांगेल. पावरी तुम्ही.

---

सातपुड्यातला मास्तर

पावरी मी नाही, तो छत्रीवाला विद्यार्थी लिहून देणार आहे. दहावीला आहे आता. त्याला मजकूर दाखवला, म्हणाला, 'सर, पहिली ओळ चुकीची आहे. आधी फोन कुठे ठेवायचा ते लिहा, माणूस दाराशी पोचला की पहिलं तेच विचारतात.' बदल करून पाठवतो. शनिवारपर्यंत चालेल का?

---

झेरॉक्सवाला

चालेल. पेंटर रविवारी येतोय. केळीबाग, फळीची जाडी कळवा, सुतार खिळे कोणते आणायचे विचारतोय.